आपांनी स्वतःला न दिलेली माफी

कापड बिघडलं की शिकणारी पोरगी आधी स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायची. मग औशात शिवणकाम शिकवणाऱ्या शहनाज आपा मशीन थांबवून विचारायच्या, "शेजारच्या लेकीच्या हातून असं झालं असतं, तर तिला मारलं असतंस का गं?" पोरगी नाही म्हणून मान हलवायची. "मंग हिला कामून मारतीस? ही बी कुणाची तरी लेकच हाय." स्वतःला शिव्या देण्यात माझा पहिला नंबर, त्यामुळे हे बोल सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला आले.

एका नवरीचा ब्लाउज कापताना मी घडीची सुलट-उलट बाजू पाहिली नाही. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. लग्न दोन दिवसांवर. आपांनी आपल्या नवऱ्याला, रशीदचाचांना, तसलंच कापड आणायला लातूरला धाडलं. चाचा म्हणाले, "ऊन लई हाय, सकाळी जातो." आपा म्हणाल्या, "आत्ताच जावा." वाटेत ट्रकने त्यांची स्कूटर उडवली. चाचा जागीच गेले.

इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या चार महिने दहा दिवसांत, आपा घराबाहेर पडत नव्हत्या. मीच गेले आणि त्यांच्या पायाशी बसून रडले. "आपा, कात्री माझ्या हातात होती." त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. "तुझी चूक न्हाई, बाळ. बाही कुणाच्या बी हातून बिघडती." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "धाडलं मी. मी मेलीनं धाडलं."

मी त्यांचेच बोल त्यांना ऐकवले. शेजारची लेक, कुणाची तरी लेक, सगळं.

"लेकीला माफ करता येतंय गं. पर ही लेक न्हाई. ही मी हाय."

मी हट्टी. महिनोन्महिने त्यांना समजावत राहिले. ट्रकवाल्याची चूक, नशिबाची चूक, माझी चूक. त्या ऐकून घ्यायच्या आणि आणखी वाळायच्या. शेवटी मी थकले आणि बोलणं सोडून नुसती शेजारी बसून काज-बटणं करू लागले. असेच काही दिवस गेले. एका दुपारी सुईत दोरा ओवता ओवता त्या आपणहून म्हणाल्या, "आज सकाळपास्नं मी मला येकदाच बोल लावला."

मला इतका आनंद झाला की सुई बोटात शिरली.

त्याच आठवड्यात आपा झोपेतच गेल्या. मी आधीच गप्प बसले असते, तर त्यांना असे आणखी चार दिवस मिळाले असते, हे माझ्या मनातून जात नाही. मग मी स्वतःला बोलायला लागते, तासन्‌तास बोलते, आणि मला अडवणारं आता कुणी नाही.