एक्केचाळीस वेळा 'लांब, लाल'

तुमच्या आळीत एकाच नावाची चार माणसं असली, तर तिघांना जाळून टाकता का? नाही ना? मग बियाणे केंद्राचे संचालक व्हायची तुमची लायकी नाही.

मिरचीमावशी त्या केंद्रात सव्वीस वर्षं रोजंदारीवर आहेत. काम एकच, मिरचीच्या जाती जिवंत ठेवायच्या. जुनं बी पेरायचं, मधमाश्यांनी सरमिसळ करू नये म्हणून फुलांना मलमलीच्या पिशव्या बांधायच्या, पिकल्या मिरच्या फोडून ताजं बी पाकिटात भरायचं. बोटं अशी जळतात की घरी नातीला कोपरांनी उचलतात.

नव्या साहेबांना शीतगृहात जागा हवी होती. त्यांनी संगणकाला विचारलं. एक्केचाळीस पाकिटांवर नाव एकच, 'लांब, लाल'. हुकूम सुटला, चाळीस जाळा! आता ही नावं कुणी दिली? तर चाळीस वर्षांपूर्वी बी गोळा करायला गेलेल्या विद्वानांनी. जीपमधून उतरायचे कष्ट नकोत म्हणून गावोगाव खिडकीतूनच पुड्या घेतल्या, आणि सगळ्यांवर तेच दोन शब्द खरडले.

मावशी तडक केबिनमध्ये.

"साहेब, नाव एक आहे, झाडं एक नाहीत."

"पुरावा?"

"पेरून बघा."

"जागा कुठंय?"

"मुतारीमागं. तिकडं तुमचं कुणी फिरकत नाही."

साहेबांनी उदार होऊन एक हंगाम दिला.

एका झाडाची मिरची आभाळाकडं तोंड करून. एकीचं फूल जांभळं. एक गिळल्यावर तिखट लागते, म्हणजे शिव्या द्यायला उशीर होतो. मग बोकड्या आला, पानं आकसवणारा रोग. पुढच्या वाफ्यातली साहेबांची लाडकी सुधारित जात माना टाकून बसली. मुतारीमागच्या एक्केचाळीसांतल्या दोघी मात्र ताठ!

शेवटी मावशीच म्हणाल्या, "यातल्या तीन मात्र खरंच एक आहेत. दोन काढा." हा प्रामाणिकपणा कुठल्या पदवीत शिकवतात?

आता बोकड्याला न बधलेल्या त्या दोघींच्या संकरातून नवी जात निघणार आहे. शोध अर्थातच साहेबांचा. मावशी 'इतर सहकार्या'त.

पण संगणकात अजून एकोणचाळीस वेळा 'लांब, लाल'च आहे. नाव बदलायला समिती लागते आणि समितीला सवड नाही. पुढच्या वर्षी मावशींना साठ पूर्ण होतील, त्या घरी बसतील. त्यानंतरचा साहेब पुन्हा संगणकालाच विचारील, आणि मुतारीमागं बोट दाखवायला कुणी नसेल.

म्हणून आजच केंद्राला एक पत्र टाका. एवढंच लिहा: मावशी आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, आणि त्या सांगतील ते पाकिटांवर लिहून घ्या.