गाजरगवताला पाणी घालणारे सर

गाजरगवत दिसलं की माणसं ते उपटतात, निदान त्याला शिव्या तरी घालतात. आमचे गाजर सर त्याला झारीनं पाणी घालायचे. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि मागच्या कुंपणाशी त्यांनी या गवताचे दोन वाफे लावले होते. एकात शिरपूरच्या नदीकाठचं बी, दुसऱ्यात साक्रीकडच्या डोंगराळ शेतांतलं. एखाद्या रोपावर कुणाचा पाय पडला तर सर असे ओरडत, की वाटावं पाय त्यांच्या जेवणाच्या ताटात पडला. ‘गाजर सर’ हे नाव पोरांनी ठेवलं होतं. ते ऐकून सर खूश व्हायचे, यावरून काय ते समजा.

मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. म्हणजे बहुतेक वेळ बोलणी खात होते. “विष फुकट बनत नाही, पोरी,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे गवत परदेशातून धान्याबरोबर आलं. तिकडं त्याला खाणारे किडे होते, इकडं नव्हते. मग पानात कडू विष भरत बसायचं कशाला? सर म्हणायचे, ती ताकद गवतानं वाढण्यात घातली असणार. पुढं माणसांनी तिकडचेच भुंगेरे आणून इथं सोडले. शिरपूरच्या नदीकाठी ते बरीच वर्षं पानं कुरतडत होते. साक्रीकडच्या त्या शेतांत आम्हाला एकही सापडला नव्हता.

सरांचा संशय असा, की शिरपूरचं गवत पुन्हा कडू होत चाललंय. कमी कडू रोपं भुंगेरे फस्त करतात, जास्त कडू रोपांचं बी पडतं, आणि पिढ्यामागून पिढ्या हेच चालतं. खरं-खोटं करायचं तर दोन्ही बियाणं एकाच मातीत वाढवायचं, त्या रोपांचं बी पुन्हा पेरायचं म्हणजे जुन्या जागेचा गुण उरत नाही, आणि मग दोन्ही पानं एका बशीत ठेवून वर भुंगेरा सोडायचा. आधी कोणतं खातो ते बघायचं. एवढ्यासाठी दोन पावसाळे.

अडचण एकच होती. हे गवत सरांना सोसत नव्हतं. पहिल्या वर्षी रानातून बी गोळा करतानाच हातांवर चट्टे उठले, मग डोळे सुजले, दुसऱ्या वर्षी वाफे लावल्यावर छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं, की आता या गवतापासून लांब राहा, श्वास अडकला तर वेळ मिळणार नाही. सरांची थोरली बहीण, अक्का, त्यांच्याकडेच राहायच्या. हे गवत जिवावर उठलंय असं त्या रोज चहाबरोबर ऐकवायच्या, “हाई गवत तुना जीव लेवाले ऊनं शे.” सर बशीत चहा ओतत म्हणायचे, “भुंगेरे खाऊ देत गं, मग सोडतो.” मला त्यांचा भयंकर राग यायचा. आणि दुसऱ्या दिवशी मीच त्यांची झारी भरून द्यायचे.

वाफ्यांतलं पहिलं बी पिकत आलं, तेव्हाच कॉलेजात तपासणी समिती येणार होती. आवार स्वच्छ करा, असा हुकूम सुटला आणि श्रमदानाची पोरं कामाला लागली. सकाळी आम्ही मागं गेलो, तर वाफे सारवल्यासारखे स्वच्छ. त्यांच्यातली पुढारी मुलगी घाम पुसत, शाबासकीच्या आशेनं म्हणाली, “सर, आमीन बठ्ठं गाजरगवत उपटी टाकं! एक काडी बी ठेवी नही!”

तिचं काय चुकलं? खानदेशात कुणाला सांगून खरं वाटेल, की हे गवत कुणी मुद्दाम लावलंय?

कुंपणाशी सगळ्या आवारातल्या गवताचा ढीग पडला होता आणि एक जण काडेपेटी काढत होता. “थांब!” सर ओरडले आणि उघड्या हातांनी त्या ढिगात शिरले. शिरपूरच्या रोपांना आम्ही लाल दोरा बांधला होता, साक्रीच्या रोपांना पांढरा. ते दोरे शोधत सर रोपं उपसू लागले. मी त्यांचा सदरा धरून ओढत होते, ते मला ढकलत होते. बी रुमालाच्या दोन टोकांत बांधेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले. मग ते खाली बसले आणि त्यांना श्वासच घेता येईना.

रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. प्रत्येक श्वास शिट्टीसारखा वाजायचा, आणि तो वाजेपर्यंत मी माझा रोखून धरायचे. रुमाल त्यांनी माझ्या मुठीत कोंबला. “कसाले रडस? पेरजो,” एवढंच ते बोलू शकले.

सर वाचले. पण अक्कांनी त्यांना कोकणात भाचीकडे नेलं, कायमचं. बसस्टँडवर मी निरोप द्यायला गेले तेव्हा खिडकीतून ते पावसाचीच चौकशी करत होते.

पुढं त्यांच्या जागी मी लागले. रुमालातलं बी पेरलं, वाफ्यांना पाटी लावली, पोरांना दम भरला. भुंगेऱ्यांनी बशीत साक्रीच्या पानाची चाळणी केली आणि शिरपूरचं चाखून सोडून दिलं. पुन्हा पुन्हा तेच. मी लगेच सरांना फोन लावला.

“इतलंच सांग, कोनतं आधी खादं?”

“साक्रीचं, सर.”

त्यांनी ते पुन्हा एकदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग ते म्हणाले, “तुझ्या हातांवर काही उठलंय का?”

कोपराच्या खळगीत आठवडाभर आग होत होती. “थोडंसंच, सर,” मी म्हणाले.

“वाफे उपटून टाक. आजच.”

“पण सर, पुढच्या वर्षी अजून एकदा—”

“समजनं ते बस शे. आणि तू हात लावू नको. पोरांना हातमोजे दे.”

स्वतःच्या जिवासाठी ज्यांनी अक्कांचं कधी ऐकलं नाही, ते माझ्यासाठी क्षणात वाफे मोडून मोकळे झाले. संध्याकाळपर्यंत पोरांनी रोप न् रोप उपटलं. मी लांब व्हरांड्यात उभी होते.

“मॅडम, रडी राह्यनात का?” एकानं विचारलं.

डोळ्यांना हे गवत सोसत नाही, मी म्हणाले. ते अगदीच खोटं नव्हतं.