मला म्हंजे मले

नांदुऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा फलाटावर कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या. शाळा तपासण्याच्या नोकरीतला हा माझा पहिलाच दौरा. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मीच, हे मी कुणी विचारले नाही तरी सांगतो.

किसन नावाचा गाडीवान दमणी (हलकी बैलगाडी) घेऊन आला होता. जळगाव जामोदच्या अलीकडच्या त्याच्याच गावाला मला जायचे होते. पूर्णेच्या उतारावर चाक रुतले. मी धोतर खोचून खांदा लावला, तर तो हसायला लागला.

"बीए होऊनबी गाडी ढकलता येते वाटते तुमाले!"

"बीए मी झालो, आमचे बैल नाही झाले."

नदीकाठी त्याने शिदोरी सोडली. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. घास मोडता मोडता म्हणाला, "माही वच्छी बसून राह्यली तुमच्या परीक्षेले. नापास झाली तं तिची माय शाळा सोडवते अन् उद्यापासून कापूस येचाले नेते."

"परीक्षा परीक्षेसारखीच होईल," मी म्हणालो.

"होऊ द्या ना! मी कुठं म्हनलो, पास करा म्हून?"

पण उरलेली भाकरी तशीच बांधून त्याने सातपुडा निळा दिसू लागेपर्यंत बैल दामटले.

शाळा चावडीच्या पडवीत भरे. मास्तर शेख नावाचे, पिकल्या दाढीचे. पहिला मुलगा धडा घडाघडा म्हणाला. त्याच्यापुढे पान मात्र दुसऱ्याच धड्याचे होते. म्हणून मी पिशवीतून कुणीही न पाहिलेले नवे पुस्तक काढले. वच्छी उभी राहिली. चित्राखाली छापले होते, 'आई म्हणाली, मला पाणी दे.' तिने बोट ठेवले आणि न अडखळता वाचले, "माय म्हने, मले पानी दे."

पोरांपैकी कुणी हसले नाही. मास्तरांचा चेहरा तेवढा उतरला.

"बेटी, लिहिलंय तेच वाच."

"तेच तं वाचून राह्यली, गुरुजी!"

छापील शब्द जसाच्या तसा वाचला तरच पास, असा नियम होता. पुण्याच्या कॉलेजात माझ्या 'मले'ला मुले हसत, तेही आठवले. पण ही वाचते आहे की चित्र पाहून ठोकून देते आहे? मी 'मला'खाली नख ठेवले.

"हे काय गं, बाई?"

"म... ला. मला." मग माझी कीव आल्यासारखे म्हणाली, "मला म्हंजे मले."

"आणि हे?"

"आई. आई म्हंजे माय. पुस्तकवाल्याले माय काऊन म्हनता येत नाही?"

मास्तर दाढीतल्या दाढीत हसले. "साहेब, नियम..."

"अक्षर वाचलं, अर्थही वाचला. नियमाला याहून काय हवंय? पास."

परतताना किसन बैलांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता कापूस मलेच येचा लागते, लेकहो!" आणि पूर्णेपर्यंत गात आला.

घरी पोचलो, तेव्हा माय चुलीपाशी होती. तिला अक्षरओळख नाही. मी ते पुस्तक काढले आणि वच्छीने वाचले तसेच तिला वाचून दाखवले.

मायचा हात पिठात थांबला. "आपल्यावानी बोलते हे पुस्तक? असं लिहेल हाये त्याच्यात?"

"हाव, माय," मी म्हणालो. "वाचता आलं पाहिजे फक्त."