दहा हजार किलोमीटरच्या वाटेवरचा दहीभात

देवावर माझा फार भरवसा कधी नव्हता. नवरा रोज औंढ्याच्या नागनाथाचं नाव घ्यायचा. मी म्हणायची, त्यापेक्षा म्हशीला पाणी दाखवा. गेल्या वर्षी तो गेला, तेव्हा तर देवाशी माझं भांडणच झालं. एकुलता एक पोरगा नोकरीला मेलबर्नला, आणि बापाला अग्नी त्यानेच द्यायचा होता.

मरण पहाटेचं. पोरगा मिळेल त्या विमानात बसला. दिराने मोबाईलवर पाहून सगळ्यांना सांगितलं, "मेलबर्न ते मुंबई दहा हजार किलोमीटर. बारा तास. सांजच्याला पोरगं दारात." आम्ही हट्टा गावची माणसं. गाडी बदलायची ती वसमतला. आभाळात कसलं बदलणं? वाटेत सिंगापूरला दुसऱ्या विमानासाठी ताटकळायचं, पुढे मुंबईहून इथवर पुन्हा रात्रभराची वाट, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आमच्याकडे मयत उचलेपर्यंत गल्लीत चूल पेटत नाही. दुपार कलली, शेजारची लेकरं भुकेने रडू लागली. तेवढ्यात सिंगापूरहून पोराचा फोन आला. "माय, दुसरं विमान अजून सुटायचंय. उद्याशिवाय पोचत न्हाई. पण थांबा. अग्नी देईपर्यंत मीबी तोंडात काही घालणार न्हाई." मी बोलायच्या आत फोन तुटला. पुन्हा लागलाच नाही.

मी मनात नागनाथाला म्हटलं, त्याला इथे आणणं तुझ्याच्यानं झालं नाही. आता तिथे तरी त्याच्याकडे बघ. माझ्या हातात काही उरलं नाही. मग दिराला म्हणाले, "उचला."

"वहिनी, पोरगं रस्त्यात हाय. अग्नी कोण देईल?"

"जलमभर संसार म्या केला, अग्नीबी मीच देते. ही लेकरं काहून उपाशी मारता?"

बाया कुजबुजल्या. कुजबुजू दे. दिवस बुडायच्या आत मी अग्नी दिला. गल्लीतल्या चुली पेटल्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र उपाशी पोरगंच होतं.

रात्री मुंबईत उतरल्यावर त्याचा फोन आला. रडत होता. "माय, चुकलं माझं. म्या जेवलो."

विमानात शेजारी एक म्हातारी होती. तिची भाषा त्याला कळेना. तिने डब्यातला दहीभात पुढे केला, तो नको म्हणाला. तिने काही विचारलं नाही. घास कालवला आणि सरळ त्याच्या तोंडाशी धरला.

"कधी खाल्लंस?" मी विचारलं.

"मुंबईत उतरायच्या जरा आधी."

"मंग कसलं चुकलं? अग्नी तवाच देऊन झाला होता. सारी गल्ली जेवली, तूबी जेवलास."

त्याचं रडणं थांबलं. मग म्हणाला, "कोणी दिला?"

"म्या."

"बरं केलंस, माय."

ती म्हातारी गर्दीत निघून गेली, नाव विचारायचं राहिलं. ती देव होती असं मी म्हणत नाही. बाई होती, भुकेलं लेकरू ओळखत होती. पण त्या दिवशी मी पोराचा हात सोडला तेव्हा कुणीतरी धरला, एवढं मला कळतं, आणि त्या उपकाराला मी जागते. नवऱ्याच्या जागी आता मीच रोज नागनाथाचं नाव घेते. आधी म्हशीला पाणी दाखवते, मग.