टाकीचं दुसरं तोंड

बिराप्पा बंद खोलीचं दार उघडतो, पण लगेच आत जात नाही. कडी हातात धरून वीसपर्यंत मोजतो.

आमटी वाढून घेताना पातेल्यात डाव तीनदा घालतो. वर, मध्ये, तळाला.

खिशात काडेपेटी ठेवत नाही.

उभ्या गाडीतून तेल ठिबकताना दिसलं, की गाडी कुणाचीही असो, खाली पत्रा सरकवतो. मातीत थेंब पडू देत नाही.

कुणी विहिरीत किंवा खड्ड्यात उतरलं असेल, तर काठावर जाऊन उभा राहतो. खालचा माणूस वर येईपर्यंत हलत नाही.

या सवयी मला आठ दिवसांत दिसल्या. त्याआधी मी त्याला ओळखतही नव्हतो.

सांगलीत आमचं भंगाराचं दुकान आहे. मी विश्रामबागच्या कॉलेजात मराठी साहित्य शिकलो, म्हणून सध्या दुकानात बसतो. मार्चमध्ये जतहून एक माणूस आला. बारीक अंगाचा, पंचेचाळिशीचा. त्याला पाण्याच्या टँकरची जुनी टाकी हवी होती.

"फुटकी चालेल?" माझ्या वडिलांनी, तवनाप्पांनी, विचारलं.

"चालंल की. पर आत शिरायचं तोंड पायजे. माणूस जाईल एवढं."

"आत शिरून काय करणार?"

"भाईर यायला शिकवणार."

मी टाकी पोचवायला ट्रकबरोबर गेलो, आणि तिथेच राहिलो.

जत-उमदी रस्त्यावर त्यांची वस्ती आहे. चार घरं, मेंढ्यांचा वाडा, ज्वारी काढून मोकळी झालेली काळी जमीन. तिथे आम्ही टाकी उतरवली. मी त्याला काका म्हणालो. तो म्हणाला, "काका म्हणंस्तवर डोक्यावर लोखंड येतं. यार्डात समदी नावानंच हाक मारत्यात. बिराप्पा म्हण."

यार्ड म्हणजे गुजरातच्या किनाऱ्यावरचा, जुनी जहाजं तोडायचा. बिराप्पा तिथे बावीस वर्षं आहे. आधी गॅसकटर चालवायचा. आता सुरक्षेचं काम बघतो. टाकीत माणूस उतरण्याआधी आतली हवा मोजायची आणि उतरू द्यायचं की नाही ते ठरवायचं. मी आयुष्यात जहाज पाहिलेलं नाही. समुद्र दोनदा पाहिलाय. तो बोलायचा आणि मी तोंड उघडं टाकून ऐकायचो. सहा मजली इमारतीएवढं लोखंड वाळूवर येऊन बसतं. पूर्वी कापलेला तुकडा खाली वाळूतच आदळायचा आणि तेल समुद्रात जायचं. आता त्याच्या यार्डात क्रेन तुकडा उचलते आणि सिमेंटच्या फरशीवर ठेवते. फरशीच्या कडेने नाल्या आहेत, तेल हौदात जमा होतं. २०२५च्या जूनपासून जहाजतोडणीचा आंतरराष्ट्रीय करार लागू झालाय, तेव्हापासून कागदही बघितले जातात. सगळे यार्ड सारखे नाहीत, हेही त्याने सांगितलं.

तो पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता, ते भाच्यासाठी. बहीण मंगल हिचा मुलगा जोतीराम, वय तेवीस. पुढच्या रविवारी एक मुकादम त्याला दुसऱ्याच यार्डावर घेऊन जाणार होता. तिथे हवा मोजत नाहीत, हे बिराप्पाला पक्कं ठाऊक होतं.

"मग त्याला तुझ्या यार्डात ने," मी म्हणालो.

"अक्का न्हाई म्हणती. मामा-भाच्यानं एका होडीत बसू नये, दोघं बुडत्यात. आन् आमचं तर जहाज हाय."

म्हणजे आठ दिवस होते. तेवढ्यात जोतीरामला एक गोष्ट शिकवायची होती. खाली माणूस पडला, तर वरच्याने उडी मारायची नाही.

आणि जोतीराम तर उडी मारण्यासाठीच प्रसिद्ध होता. गेल्या उन्हाळ्यात वस्तीतला एकजण विहिरीचा गाळ काढताना बेशुद्ध पडला. जोतीरामने वरून उडी मारली आणि त्याला बाहेर काढलं. ग्रामपंचायतीने त्याला फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं. तो फोटो घरात देवांच्या शेजारी लावलेला आहे.

"त्यो फोटूच माझा वैरी हाय," बिराप्पा म्हणाला.

पहिल्या सकाळी त्याने टाकीचं झाकण काढलं. हातात मावणारं एक पिवळं मीटर दोरीला बांधलं आणि आत सोडलं. वर थोडा वेळ, मध्ये थोडा वेळ, मग तळाला. तळाला गेल्यावर ते किंचाळलं.

मी मागे सरकलो. त्या टाकीत पाण्याशिवाय कधी काही भरलेलं नव्हतं.

"गंज हवा खातो," बिराप्पा म्हणाला. "बंद टाकीत गंज चढतो, तवा आतली चांगली हवा त्योच खातो. माणसाला उरत न्हाई."

ती टाकी वर्षभर आमच्या अंगणात उभी होती. लहानपणी अशा टाक्यांत आम्ही लपाछपी खेळायचो.

जोतीराम मेंढ्यांच्या वाड्यावर बसून बघत होता. "मामा, एवढा खेळ कशाला? कंदील सोडायचा. जळत ऱ्हायला की उतरायचं. आज्यानं शंभर विहिरी अशाच खांदल्या."

"मी बी तसंच केलं," बिराप्पा म्हणाला. "तेलाच्या टाकीवर."

त्याचं यार्डातलं ते पहिलं वर्ष होतं. मुकादमाने त्याला सांगितलं, टाकीत उतर. हवा बघायला काही दिलं नाही. बिराप्पा विहिरी खणणाऱ्यांच्या घरातला. त्याने कंदील मागून आणला, पेटवला, दोरीला बांधला. तेवढ्यात एका ओडिया कामगाराने त्याला अशी थोबाडीत दिली, की तो एकीकडे पडला आणि कंदील समुद्रात.

"इहिरीतली वाईट हवा दिवा इझवती. जहाजातली पेटवती. मला कुणी सांगितलंच न्हवतं. त्या थोबाडीवर मी आजवर जगतोय."

जोतीराम वाड्यावरून खाली उतरला.

मग रोज शाळा भरली. जोतीराम, शंभूराज आणि वस्तीतली आणखी तीन पोरं. ज्वारी उफणायचा पंखा आणला, त्याला गोणपाटाची लांब नळी शिवली आणि टाकीच्या तळापर्यंत हवा सोडली. विहिरीवरची तीन पायांची तिकाटी आणि कप्पी टाकीच्या तोंडावर बसवली. उतरणाऱ्याच्या छातीला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर कप्पीवरून वरच्याच्या हातात. मी बाहेरच्या पत्र्यावर रंगाने नियम लिहिले. एका बाजूला मराठीत. दुसऱ्या बाजूला बिराप्पाने कानडीत.

माझं पहिलं वाक्य होतं, 'प्रवेशापूर्वी वायूंची तपासणी करणे अत्यावश्यक आहे.'

त्याने ते वाचलं. "हे वाचंस्तवर माणूस मरंल, मास्तर."

मी पुसलं आणि लिहिलं, 'आधी मोज. मग उतर.' पाच वर्षांच्या शिक्षणात माझं एवढं चांगलं संपादन कुणी केलं नव्हतं.

पोरं मोजायला शिकली. पंखा लावायला शिकली. पण उडीचा प्रश्न तसाच होता. बिराप्पा विचारायचा, "खाली तुझा भाऊ पडला. काय करशील?" बाकीचे पाठ केल्यासारखं सांगायचे, शिट्टी, दोर, कप्पी. जोतीराम म्हणायचा, "ते करीन. न्हाई जमलं तर जाईन."

"जायचं न्हाई."

"मग वर बसून बघत ऱ्हाऊ व्हय? लोकं तोंडात शेण घालतील."

शनिवार आला. सकाळी बिराप्पाने तासभर पंखा चालवला. वर, मध्ये, तळाला मोजलं. तिन्ही ठिकाणी हवा चांगली. म्हणाला, "आज मी उतरतो. जोत्या, तू वर." मीटर गळ्यात अडकवलं, पट्टा बांधला आणि आत गेला. मंगलताई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

आतून त्याचं ठोकणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. मग मीटर किंचाळायला लागलं.

"मामा," जोतीरामने हाक मारली. उत्तर नाही.

"मामा, वो मामा."

मी वाकून पाहिलं. बिराप्पा तळाशी कुशीवर पडला होता. एक हात अंगाखाली. मंगलताईंच्या हातातली किटली कलली आणि चहा त्यांच्या पायावर गेला, तरी त्या हलल्या नाहीत.

जोतीरामने एक पाय टाकीच्या तोंडात घातला. गुडघ्यापर्यंत. दोन्ही हात कडेवर टेकले. आता तो जाणार, हे मला दिसलं.

आणि तो थांबला.

"एका होडीत न्हाई," तो म्हणाला. आमच्याशी नाही, स्वतःशीच.

त्याने पाय बाहेर काढला. शिट्टी फुंकली, इतक्या जोरात की मेंढ्या उधळल्या. "सम्मेद, दोर धर," तो मला म्हणाला. "शंभूराज, पंखा चालू कर. वड." आम्ही ओढलं. कप्पी कुरकुरली. माझ्या तळहातांची सालटी निघाली, ते नंतर कळलं. बिराप्पाचं डोकं तोंडातून बाहेर आलं, मग खांदे. गंजाने लाल झालेला. आम्ही त्याला खाली मातीवर निजवलं.

त्याने एक डोळा उघडला.

"किती येळ लागला?"

मी मोबाइलकडे पाहिलं. "तीन-चार मिनिटं."

"लय झाला. परत करायचं."

आत पडल्यापडल्या तो मीटरवर तोंड धरून श्वास सोडत होता. माणसाच्या उच्छ्वासाने ते ओरडतं. आतली हवा चांगलीच होती. मंगलताईंनी आधी किटली खाली ठेवली, मग त्याच्या पाठीत दणका घातला. "मुडद्या, माझा जीव गेला आसता की रं."

"तुज्या पोराचा वाचला, अक्का." तो उठून बसला. "पाय का घातलास रं जोत्या?"

"काढला की."

"काढलास," बिराप्पा म्हणाला. हसू त्याला आवरत नव्हतं. "अक्का, तूच शिकीवलंस त्येला. आठ दिस मी घसा कोरडा केला. एक आत, एक भाईर. दोघं एका होडीत न्हाईतच."

मंगलताईंनी टाकीच्या तोंडाशी जाऊन आत वाकून पाहिलं. "म्हंजे तू वर आसशील?"

"मी न्हाईतर त्यो. कवाच दोघं आत न्हाई."

"मग ने त्येला."

जोतीरामने तिथूनच मुकादमाला फोन लावला. स्पीकर चालू होता. "टाकीत उतरायच्या आधी हवा कोण मोजतं तुमच्यात?"

"अरं, नाक हाय की तुला," मुकादम हसला.

जोतीरामने फोन बंद केला.

बिराप्पाकडे अजून सहा दिवसांची रजा होती. ती टाकीच्या दुसऱ्या तोंडासाठी राखलेली. एका तोंडाच्या टाकीत हवा जाते, पण नीट बाहेर पडत नाही, आणि पहिलं तोंड अडलं तर माणसाला वाट नसते. वस्तीतली आणखी सात पोरं नावं देऊन गेली होती. त्यांना दोन तोंडांच्या टाकीत शिकवायचं ठरलं होतं. जतमधल्या वेल्डरकडून गॅसकटर आणला. बिराप्पाने मागच्या पत्र्यावर खडूने गोल काढला, आत पुन्हा मोजलं आणि कापायला घेतलं. निळी ज्योत पत्र्यावरून अशी फिरली, जसा कुणी सराईत माणूस सही करतो. मी काळा चष्मा लावून बघत होतो. ठिणग्यांखाली त्याने ओली वाळू पसरली होती.

तेवढ्यात यार्डातून फोन आला. पौर्णिमेच्या भरतीला लागायचं जहाज अमावास्येलाच येऊन वाळूवर बसलं होतं. त्यात तेलाच्या अकरा टाक्या. हवा मोजल्याशिवाय एकाही टाकीला हात लावणार नाही, असं तिथल्या कामगारांनी सांगितलं होतं. मोजणारा माणूस हवा होता.

बिराप्पाने ज्योत बंद केली. दुपारच्या एसटीने दोघे गेले, मामा पुढच्या बाकावर आणि भाचा मागच्या.

टाकी वस्तीवर उभी आहे. झाकणाला मी कुलूप घातलंय, किल्ली मंगलताईंकडे आहे. मागच्या पत्र्यावर गोल पाऊणभर कापलेला आहे. उरलेल्या भागावर अजून खडूची रेघ दिसते.