जपानी मावशीच्या बाहुल्या

जपानी मावशी तशी शांत बाई. पण कागदी बाहुलीच्या अंगरख्याची उजवी बाजू वर आली की ती आमच्या हातातून बाहुली हिसकावून घ्यायची आणि टराटरा फाडायची. "डावी वर! उजवी वर मेलेल्याच्या अंगावर घेतात," असं ओरडायची. आम्ही चिंचवडगावातली पोरं घाबरून नवा कागद घ्यायचो. आधी डोकं, मग अंगरखा, शेवटी कमरेचा रुंद पट्टा.

ती जपानी नव्हती. तिचा नवरा रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होता. तिथे शेजारी एका जपानी फोटोग्राफरचं बिऱ्हाड होतं. त्याच्या बायकोकडून मावशी आणि तिची लेक कुसुम या बाहुल्या शिकल्या. मग लढाई आली आणि माणसं पायीच हिंदुस्थानकडे निघाली. वाटेत नवरा तापाने गेला. पुढे एका नदीवर, होडीत चढताना झालेल्या रेटारेटीत, सहा वर्षांच्या कुसुमचा हात सुटला. मावशी एकटीच चिंचवडला भावाच्या घरी आली.

"मेली असती तर मला कळलं असतं," एवढंच ती म्हणायची. कुणी समजूत घालू लागलं की उठून जायची.

कुसुम पट्ट्याला दुहेरी घडी घालायची. ही खोड तिची एकटीची. म्हणून आमच्याही बाहुल्यांना दुहेरी घडी हवी असे. साबणाची वेष्टनं, लग्नपत्रिका, वाण्याकडचे निळे पुडे, काहीही चाले. एकदा तर भावजयीच्या भिंतीवरचं चालू वर्षाचं कॅलेंडरही गेलं. संध्याकाळी टोपली घेऊन ती स्टेशनवर जायची आणि खिडक्याखिडक्यांतून बाहुल्या द्यायची. "पोरीबाळींना द्या. कुणी म्हणालं, मला येते ही, तर चिंचवडला कळवा." काही जण घेत, काही वेडी समजून खिडकी लावून घेत. धोंडिबा हमाल कळवळायचा, "मावशी, गाडी घटकाभर बी थांबत न्हाई. पडाल की!" ती धावायचीच.

एके दिवशी धोंडिबाच धापा टाकत आला. "पुण्यातल्या आश्रमात एक पोर हाय म्हनं. रंगूनच्या वाटंवर सापडल्याली. तुमच्यावानीच बाव्हली करती!"

मावशीबरोबर आई गेली, मलाही नेलं. गाडीत मावशी माझा हात दाबत राहिली. आश्रमातली मुलगी कुसुम आता असेल तेवढीच, सोळा-सतरा वर्षांची, शांता नावाची. तिने आमच्यादेखत कागद घेतला, दुमडला. दुहेरी घडी! मावशीने शांताची बाही वर सारली. कुसुमच्या कोपरावर भाजल्याचा मोठा डाग होता. इथे काही नव्हतं.

"कुणी शिकवलं तुला?"

शांताने पेटीतून एक चुरगळलेली निळी बाहुली काढली. "गाडीत एका बाईंनी दिली होती. उलगडून उलगडून शिकले."

ती बाहुली आम्हीच वाण्याच्या निळ्या पुड्याची केलेली होती. मावशी ती परत देऊन वळली. शांताने तिचा पदर घट्ट धरला. "मीच ती आहे म्हणा ना. मला काही आठवत नाही. असेनही मी."

"नाही गं बाळ," मावशीने तिची बोटं सोडवली.

घरी येताना ती आईला म्हणाली, "हिला नेलं असतं तर कुसुम गेली असं मीच म्हटल्यासारखं झालं असतं."

त्यानंतर कितीतरी दिवस टोपली कोपऱ्यात पडून होती. मावशी जेवायची नाही, आम्हाला बोलवायची नाही. मग एका सकाळी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आमच्या दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "चल, त्या पोरीला आणू."

आश्रमातल्या बाईंनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. "तिचं लग्न लावून दिलं. खानदेशाकडे. सासरचा पत्ता आम्ही कुणाला देत नाही."

मावशी फाटकाबाहेर आली आणि रस्त्यातच कपाळ बडवू लागली. "धरलं होतं गं तिनं मला! या खेपेला मीच हात सोडवला!" आई तिला आवरता आवरता स्वतःच रडू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला बोलावलं. आता बाहुल्या दुप्पट लागत, कारण मावशी दोन्ही बाजूंच्या गाड्यांकडे धावू लागली होती. "आता कुनाला हुडकता?" धोंडिबाने विचारलं.

"दोघींना."

पुढे वडिलांची बदली झाली. आम्ही गाव सोडलं तेव्हा ती आमच्या डब्याच्या खिडकीशी आली. माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "जाशील तिथल्या पोरींना शिकव. कोण कुठे भेटेल सांगता येत नाही." शिट्टी झाली. मी हात हलवत राहिले. ती केव्हाच पुढच्या डब्याकडे धावत सुटली होती.