वीतभर दोरीला दोन वीत कापड

सासरे आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी चेनची बॅग होती. ती त्यांनी पलंगाखाली सरकवली. बायकोने कपाटातला एक कप्पा त्यांच्यासाठी रिकामा करून ठेवला होता. पाच आठवड्यांनीही तो रिकामाच होता. धुऊन वाळलेले कपडे ते स्वतः घडी करत आणि परत बॅगेत ठेवून चेन लावत.

ते पाचूबंदरचे. साठ वर्षं मासेमारीच्या बोटीवर गेलेली. सासूबाई वारल्यापासून घरात एकटेच होते, बोट पुतण्या चालवत होता. धक्क्यावर पाय घसरून गुडघा दुखावला. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. त्यांच्या घराला पुढे सहा उंच पायऱ्या आणि न्हाणीघर मागच्या अंगणात. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. म्हणून ते आले, आणि आल्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं, "गुडघा बरा झाला की जातो."

बायकोला त्यांनी जाऊ नये असं वाटत होतं. त्या सहा पायऱ्यांच्या घरात त्यांनी पुन्हा एकट्याने राहणं तिला नको होतं. हे ती मला रोज सांगायची. त्यांना एकदाही म्हणाली नाही. तिच्या माहेरी बापाला "असं करा" म्हणायची पद्धत नाही.

आमचा फ्लॅट वसई पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर. एक बेडरूम, किचन आणि काटकोनात वळलेला हॉल. वळणापलीकडच्या जागेला बिल्डरच्या नकाशात 'डायनिंग' लिहिलं आहे. तिथे त्यांचा पलंग टाकला. मुख्य दार उघडलं की पहिली नजर पलंगावर जायची. शेजारीण आली, सोसायटीचा सेक्रेटरी आला, गॅसवाला आला, की सासरे उठून बसायचे, लुंगी सारखी करायचे आणि माणूस जाईपर्यंत ताठ बसून राहायचे. एका दुपारी मी मोजलं. दोन तासांत ते चार वेळा उठले.

संध्याकाळी ते बाल्कनीत उभे राहून म्हणाले, "मानसाला पाठ टेकायला कोपरा पायजे."

ते कोणाला उद्देशून बोलले नव्हते. बायकोने ऐकलं आणि मला म्हणाली, "पडदा लावू या."

मी तेव्हा वर्तमानपत्राच्या डेस्कवरून नुकताच निवृत्त झालो होतो. तीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर कापायचं काम केलं. शीर्षक कॉलमच्या रुंदीत बसायलाच हवं, एक अक्षर जास्त चालत नाही. त्या सवयीने मी टेप घेऊन वळणाचं माप घेतलं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सात फूट दीड इंच. सासरे पलंगावर बसले होते. टेप जमिनीवरून जायला हवी म्हणून त्यांनी पाय वर घेतले. कापड कोणतं, रंग कोणता, पडदा कुठून उघडायचा, यातलं मी त्यांना काहीच विचारलं नाही. विचारायचं सुचलंही नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पापडीच्या नाक्याजवळ पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. मी बिस्किटी रंग निवडला. कापडाचा पन्हा चार फूट, म्हणजे दोन पन्हे मिळून आठ फूट झाले. दुमडायला काही इंच गेले तरी सात फुटांना पुरत होतं.

"साहेब, चुण्या कशा पडणार?" दुकानदार म्हणाला. "डबल घ्यावं लागतं."

"मोजून आणलंय."

"मोजून तर सगळेच आणतात."

दुकानदाराला जास्त कापड विकायचं असतं हे मला माहीत होतं. जो माणूस सांगतो त्याचा त्यात काय फायदा आहे हे आधी बघ, असं मला उमेदवारीच्या काळात शिकवलं होतं. मी साडेपाच मीटर घेऊन बाहेर पडलो.

बायकोने मशीनवर त्याचे मधून उघडणारे दोन भाग शिवले. गुरुवारी संध्याकाळी रॉड बसवला, पडदा ओढला. तो चादरीसारखा सपाट लटकला. दोन्ही कडा भिंतीला टेकत होत्या, पण पंखा लावला की मधली फट उघडायची. तरी काम झालं असं मी धरलं. सासरे आत गेले. त्यांनी आतला दिवा लावला.

त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या बाई विरजण मागायला आल्या. दारात उभ्या राहून त्या बायकोशी बोलत होत्या आणि बघत होत्या पडद्याकडे. आतल्या दिव्यामुळे सासऱ्यांची सावली त्यावर नाकासकट उमटली होती. सावलीने लुंगी सोडून पुन्हा नेसली. मग पाठ खाजवली, बराच वेळ. बाईंना हसू आवरलं नाही. विरजण न घेताच त्या गेल्या.

सासऱ्यांनी पडदा सारून डोकं बाहेर काढलं. "कोन हसलं?"

बायकोने सांगितलं.

ते एक पाऊल बाहेर आले, पडद्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. "जावईबापू, तुमी माझा शिनेमा केलात," ते म्हणाले. मग बायकोला म्हणाले, "बाय, शनवारी पुतन्याला रिक्षा घेऊन बोलव. मी जातो."

"बाबा, गुडघा..."

"गुडघा माझा हाय."

त्या रात्री जेवणं लवकर उरकली. भांडी लावताना बायको मला म्हणाली, "तुम्ही दुकानदाराचं ऐकलं असतं तर?" उत्तर तिला नको होतं.

शुक्रवारी सकाळी मी पडदा काढायला स्टुलावर चढलो. घडी घालून ठेवू, एवढाच विचार होता. सासरे चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. मी पडदा त्यांच्या हातात दिला. त्यांनी वरची कड दोन्ही हातांत धरली, ताणली, सोडली.

"हे कोनी मापलं?"

"मी."

"पेपरात बातमी पन अशीच छापायचात? तानून?"

"ताणून नाही, मोजून."

"एकच झालं." त्यांनी कड माझ्या पुढे धरली. "जाळं दोरीला बांधतात तवा सारख्याला सारखं बांधत नायत. एक वीत दोरी, दोन वीत जाळं. सारखं बांधलं तर ते पान्यात भिंतीसारखं उभं ऱ्हातं. मासा येतो, ठोकतो, मागं जातो. ढिलं असलं की घुसतो."

"पडद्यात कोण घुसणार, बाबा?" बायको किचनमधून म्हणाली.

"उजेड," ते म्हणाले. "ढिल्या कापडात उजेड घुसतो आन तिथंच अडकतो. पलीकडं जात नाय."

मी त्यावर विचार केला. पंचवीस वर्षांपूर्वी पाचूबंदरच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते ओट्यावर जाळं बांधत होते, आणि मी शेजारी बसून दोन तास बघत होतो. लग्नाची बोलणी करायला गेलेला माणूस इकडेतिकडे कुठे बघणार. त्यांचा हात दर वेळी जाळं जास्त घेई आणि दोरी कमी. ते मला तेव्हा दिसलं होतं. त्याचा अर्थ विचारला नव्हता.

"अजून दोन पन्हे लागतील," ते म्हणाले. "मी येतो दुकानात."

डॉक्टर सोडून कुठेही जायला ते तयार झाल्याचं पाच आठवड्यांत पहिल्यांदा घडत होतं. बायकोने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनीही शनिवारचं नाव काढलं नाही.

दुकानात बिस्किटी रंगाचा तागा संपला होता.

"मी तेव्हाच बोललो होतो साहेब," दुकानदार म्हणाला.

"त्यांना वाटलं तुमी कापड खपवताय," सासरे म्हणाले. "पेपरवाल्यांना सगळे चोर दिसतात."

दुकानदार खूष झाला. त्याने त्यांना खुर्ची दिली आणि ताग्यांवर तागे उलगडले. सासऱ्यांनी रंग आधी बघितलेच नाहीत. कापड चिमटीत धरून चोळायचे, मग उजेडाकडे तोंड करून एक डोळा मिटायचे. बऱ्याच वेळाने त्यांनी एक जाड सुती, विटकरी तपकिरी कापड बाजूला काढलं. मला ते बिस्किटी रंगाशेजारी विजोड वाटलं. मी पैसे दिले. रिक्षात बसल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, की त्यांच्या लहानपणी सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवायचे, आणि रंग साधारण हाच यायचा. "तवा घरात सगळ्यांचे हात असेच असायचे," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी सुतळी मागितली. एक टोक खिडकीच्या ग्रिलला, दुसरं बेडरूमच्या दाराच्या कडीला. सात फूट दीड इंच झाल्यावर गाठी मारल्या. वितीवितीवर खुणेची गाठ घातली. बायकोने चार पन्हे जोडून दिले होते, एक बिस्किटी, एक विटकरी, पुन्हा बिस्किटी, पुन्हा विटकरी. ते खुर्चीवर बसून कापडाच्या दोन विती घ्यायचे, सुतळीच्या एका वितीत गोळा करायचे आणि टाका घालायचे. खुर्ची सरकवायचं काम माझ्याकडे होतं.

"जरा डावीकडं. तुमची डावी नाय, माझी."

"आता?"

"आता गप बसा."

किचनमधून बायको हसल्याचं ऐकू आलं.

शनिवारी सकाळी पुतण्याचा फोन आला. रिक्षा कधी आणू, म्हणून विचारत होता. बायकोने फोन त्यांच्या कानाला लावला, कारण त्यांच्या दोन्ही हातांत कापड होतं. "हाताला काम हाय," ते म्हणाले. "अर्धं टाकून कसा येऊ?" आणि पुतण्याला बोंबलांचा भाव विचारला.

मंगळवारी टाके पुरे झाले. बायको वरून पट्टी शिवायला बसणार तेवढ्यात त्यांनी तिला थांबवलं. "उघडायचा कुठनं?"

"मधून," मी म्हणालो. "आधीसारखा."

"आत तुमी झोपनार की मी?"

पडदा अखंड ठेवायचा आणि खिडकीकडच्या बाजूने उघडायचा असं ठरलं. तिथे त्यांचा हात पलंगावरून पोचत होता. बाहेरच्या माणसाला मात्र पूर्ण हॉल ओलांडून यावं लागणार होतं.

बुधवारी तो टांगला. वरून खालपर्यंत सारख्या चुण्या पडल्या. विटकरी पट्टे घडीत शिरून अर्धेच दिसत होते, त्यामुळे विजोडपणा मला शोधावा लागला. सासरे आत गेले, पडदा ओढला, दिवा लावला. मी आणि बायको बाहेर उभं राहून बघत होतो. कापड उजळलं. सावली कुठेच नव्हती.

"काय दिसतं?" आतून आवाज आला.

"काही नाही, बाबा."

"पाठ खाजवतोय मी."

"खाजवा."

चार वाजता बायको चहा घेऊन गेली आणि पडद्यापुढे थांबली. दार असतं तर तिने टकटक केलं असतं. कापडावर काय करायचं हे तिला कळेना. इतके दिवस ती सरळ पलंगापाशी जाऊन कप ठेवत होती. शेवटी ती म्हणाली, "बाबा, येऊ का?"

आत पलंग कुरकुरला.

"ये ना," ते म्हणाले. मग पुढे, "थांब. लुंगी नीट करतो. हां, ये."

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला, त्यांना टेबलावरून उतरून चालायला लावलं आणि आमच्या दोघांसमोर सांगितलं की पाय बरा झाला, पायऱ्या चढायला हरकत नाही. परत आम्ही रिक्षाने निघालो. पापडीचं दुकान आलं तेव्हा सासऱ्यांनी बाहेर वाकून बघितलं. दुकानदाराने हात केला. त्यांनीही केला.

घरात आल्यावर ते चपला काढायला बसले. एक चप्पल काढली, गुडघ्यावर हात ठेवला.

"बरा झाला की जातो म्हनलेलो," ते म्हणाले.

बायको पाण्याचा पेला घेऊन उभी होती. "हो," ती म्हणाली. पेला तिने पुढे केला नाही.

"डॉक्टर काय, हात लावून बघतो. आतनं अजून ठनकतो."

"खूप?"

"खूप नाय. पन ठनकतो." त्यांनी पेला तिच्या हातातून घेतला, पाणी प्यायले, उठले, हॉल ओलांडून खिडकीच्या बाजूने आत गेले आणि पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने आतून बॅगेच्या चेनचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "बाय, तो कपाटातला कप्पा कुठला म्हनालेलीस?"